‘कळवतो’ म्हणून गेलेलं गिऱ्हाईक

प्रश्न: आई-बाबांचा कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा आहे. इमारत 1994 ची, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई आठ महिन्यांपासून माझ्याकडे ठाण्याला आहे, तेव्हापासून घर बंद. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर, आई नॉमिनी. धाकटा भाऊ दुबईत असतो. एजंटने आतापर्यंत सात जणांना घर दाखवलं. सगळे ‘कळवतो’ म्हणाले, कळवलं कुणीच नाही. बाथरूमला लागून असलेल्या हॉलच्या भिंतीवर ओलीचा डाग आहे. दिवाळीत त्यावर रंग मारून घेतला, महिन्याभरात डाग पुन्हा उमटला. एजंट म्हणतो, मॉड्युलर किचन करा, फरशी बदला, पाच-सहा लाख घाला, मग बघा. आई म्हणते, घराला हात लावू नका. फेब्रुवारी उजाडला, काय करावं? — एक वाचक, ठाणे

उत्तर: किचन आणि फरशी तूर्त विसरा. जुन्या इमारतीत फ्लॅट घेणारा माणूस स्वयंपाकघर आपल्या मनासारखं करायचं ठरवूनच येतो. तुम्ही लाल ट्रॉल्या बसवल्यात तर त्याला पांढऱ्या हव्या असतात, आणि तुमच्या आवडीचे पैसे तो देत नाही. तो पैसे कापतो ते शंकेचे. ओलीचा डाग दिसला की तो दुरुस्तीचा हिशोब मांडत बसत नाही. ‘हे दिसतंय, न दिसणारं काय असेल’ असं त्याच्या मनात येतं, आणि असं मनात आलेला माणूस घासाघीससुद्धा करत नाही. तुमचे सातही जण बहुधा तीनपैकी एका ठिकाणी अडले असावेत: ती भिंत, बंद घराचा वास, किंवा ‘फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?’ या प्रश्नाचं उत्तर. पैसे आणि वेळ या तीन जागी घाला.

आधी भिंत. नुसता रंग मारून डाग का जात नाही, हे समजून घ्या. ओल बाहेर येताना विटेतले आणि प्लास्टरमधले क्षार बरोबर आणते. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाशी साचतात, त्यांचे खडे वाढत जातात आणि रंगाचे पोपडे आतून उचलले जातात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. शिवाय जुन्या भिंतीवर ताज्या रंगाचा चौकोनी तुकडा हा डागापेक्षा वाईट दिसतो. घर बघणारे बरोबर तिथेच बोट लावतात.

पाणी कुठून येतं हे शोधायला तुमचं बंद घर उलट सोयीचं आहे. गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या फ्लॅटला येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह प्लंबरकडून पूर्ण बंद करून घ्या. डागाची कड पेन्सिलने आखून तारीख लिहा आणि आठ-दहा दिवसांनी बघा. डाग सुकत, आक्रसत आला तर दोष भिंतीतल्या पाइपमध्ये आहे. 1994 च्या इमारतीत हे पाइप बहुतेक जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात आणि एल्बोपाशी, वळणाच्या जोडाशी, आतून गंजून झिरपतात. व्हॉल्व्ह बंद, घरात कुणी नाही, पाऊस नाही आणि तरी डाग ओलाच, तर पाणी वरच्या फ्लॅटमधून किंवा इमारतीच्या मुख्य पाइपांमधून येतंय. व्हॉल्व्ह चालू ठेवूनही भिंत कोरडी राहते आणि बाथरूम दोन-तीन दिवस वापरल्यावरच ओल येते, असं असेल तर नहाणी ट्रॅप (जाळीखालचा पाणी वाहून जायचा भाग) किंवा टाइल्सचे सांधे दोषी. जून ते सप्टेंबरमध्येच दिसणारी ओल बाहेरच्या भिंतीची.

ट्रॅप आणि सांध्यांचा संशय असेल तर पाणी भरून चाचणी करा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगा, कारण छत त्यांचं आहे. नहाणीची जाळी काढून प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं कोंबून भोक घट्ट बुजवा, बाथरूममध्ये इंचभर पाणी भरा, पातळीवर खडूची खूण करा आणि 24 तास थांबा. एक-दोन मिलिमीटर उडून जाईल, ते धरू नका. त्याहून जास्त उतरलं, किंवा खालच्या छतावर वा हॉलच्या भिंतीवर ओल उमटली, तर उत्तर मिळालं.

आता दुरुस्ती. अख्खं बाथरूम फोडायला सांगणारे बरेच भेटतील. पण सांधेच दोषी असतील तर आधी स्वस्तातला इलाज करून बघा: टाइल्समधलं जुनं व्हाइट सिमेंट दोन-तीन मिलिमीटर खरवडून काढायचं, सांधे पूर्ण कोरडे करायचे, इपॉक्सी ग्राउट भरायचं, ट्रॅपच्या कडेनेही तेच, आणि निदान 24 तास पाणी लागू द्यायचं नाही. त्यानंतर पाण्याची चाचणी पुन्हा. जीआय पाइप गळत असेल तर तो भिंतीतच सोडून द्या आणि नवी सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकची लाइन टाका. गंजलेल्या पाइपला जोड देणं म्हणजे पुढच्या एल्बोची वाट बघणं.

वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी येत असेल तर सोसायटीला लेखी कळवा आणि पोच घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) फ्लॅटच्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप ही सोसायटीची जबाबदारी. वरचे चालढकल करत असतील, तरी ग्राहकाला दाखवायला ते पत्र उपयोगी पडतं. कारण माहीत असलेली गळती कारण माहीत नसलेल्या गळतीइतकी घाबरवत नाही.

पाणी थांबल्यावर घाई नको, बहुतेक ठिकाणी इथेच चुकतं. डागाच्या कडेपासून फूटभर जास्त प्लास्टर विटेपर्यंत काढा. दिसणारा पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, पाण्यात विरघळून तो पुन्हा आत जातो. पंखा लावून, खिडक्या उघड्या ठेवून भिंत निदान तीन-चार आठवडे सुकू द्या. सुकली की नाही बघायला फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला बाष्प धरलं असेल तर अजून थांबा. मग नवं प्लास्टर, त्यात 50 किलो सिमेंटच्या गोणीला 200 मिली वॉटरप्रूफिंग कंपाउंड, सात दिवस पाणी मारणं आणि पुन्हा सुकवणं. नव्या प्लास्टरवर महिन्याच्या आत पुट्टी-रंग चढवला तर सिमेंटचा खार रंग खातो. हिशोब केलात तर आत्ता सुरू केलेलं काम रंगापर्यंत यायला एप्रिल उजाडतो. म्हणून भिंत पहिली, बाकीची कामं ती सुकत असताना.

आणि हे लपवू नका. मालमत्तेतला महत्त्वाचा दोष, जो ग्राहकाला साध्या पाहणीत कळणार नाही, तो सांगणं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. प्लास्टर उघडं असतानाचे, दुरुस्तीचे आणि नंतरचे फोटो, प्लंबरचं बिल, पाणी भरल्याची तारीख असं सगळं एका फाइलमध्ये ठेवा. ‘इथे ओल होती, कारण हे, केलं हे’ असं आपण होऊन सांगितलं की त्याच भिंतीवर तुमचा भाव टिकतो.

ओलीच्या नावाखाली आणखी एक चोर असतो, सरकत्या खिडक्यांचा खालचा ट्रॅक. त्याच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात. धूळ बसून ती बुजली की पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये साठून आत सांडतं आणि खिडकीखालची भिंत भिजते. जुना टूथब्रश, सुतळीची सुई आणि दहा मिनिटं, एवढंच काम आहे. छतही नीट बघा, विशेषतः माळ्याच्या आत आणि गॅलरीच्या स्लॅबच्या खालून. प्लास्टर फुगलेलं असेल, हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा गंजलेल्या गजांच्या रेघा उमटल्या असतील तर साधा सिमेंटचा लेप देऊ नका. आतला गज गंजून फुगत असतो, तो लेपासकट पडतो. सैल काँक्रीट काढून, गज घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरायचं काम असतं, आणि ते सोसायटीला विचारूनच करायचं.

वास. आठ महिने बंद असलेल्या घराचा कुबट वास बहुतेक वेळा गटाराचा असतो आणि त्याचं कारण फार साधं आहे. नहाणी, बेसिन, कमोड यांच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठलेलं असतं, तेच ड्रेनेजच्या वासाला आणि झुरळांना अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी उडून जातं आणि वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा कुणी जाऊन प्रत्येक नहाणीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतावं, फ्लश करावा, बेसिनचा नळ अर्धा मिनिट सोडावा. मोरी आणि गॅलरीतली नहाणी नेमकी विसरली जाते. नळ सोडले की पहिलं पाणी तांबूस येईल, ते पाच मिनिटं वाहू द्या. हे ग्राहक यायच्या आदल्या दिवशी, त्याच्यासमोर नव्हे.

फ्रिज बंद असेल तर पुसून, दार चार बोटं उघडं ठेवून द्या. कपाटांतल्या डांबराच्या गोळ्या काढा, गाद्या दोन दिवस उन्हात टाका, न जमल्यास देऊन टाका. कापसाच्या जुन्या गादीचा वास जात नाही. घर दाखवायच्या वेळी उदबत्ती, कापूर, रूम फ्रेशनर काही लावू नका. सुगंध जास्त झाला की लोक दुसरा वास शोधायला लागतात.

आता आईंचा मुद्दा. ‘हात लावू नका’ म्हणताना त्यांच्या मनात बहुधा भिंती नसाव्यात, सामान असावं. सामान मात्र कमी करावंच लागेल. 30 वर्षं राहत्या घरात दोन लोखंडी कपाटं, दिवाण, शिलाई मशीन, वर बांधलेल्या वळकट्या आणि माळ्यावर पितळी पिंपं असं सगळं असतं, आणि त्यात दोनशे फुटांचा हॉल दीडशेचा दिसतो. आईंना घेऊन दोन दिवस कोथरूडला राहा आणि त्यांच्या हातूनच वेचा: ठाण्याला न्यायचं, नातेवाइकांना द्यायचं, मोडीत काढायचं. तांब्या-पितळेची भांडी मोडीत देताना वजन समोर करून घ्या. बाबांची कागदपत्रं, पासबुकं, पावत्या एकही न वाचता फेकू नका. पुढे लागणारा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) अशाच एखाद्या पिशवीत सापडतो.

घर पूर्ण रिकामं मात्र करू नका. रिकाम्या खोलीत लोकांना आकाराचा अंदाज येत नाही आणि प्रत्येक ओरखडा डोळ्यांत भरतो. हॉलमध्ये बसायला एक दिवाण किंवा सोफा, एक छोटं टेबल. एका बेडरूममध्ये पलंग. दुसरी जवळपास मोकळी. खिडकीच्या अंगाला लावलेलं कपाट पहिलं हलवा, अर्धा प्रकाश तेच खातं. चालायच्या वाटेवर अडीच फूट मोकळी जागा हवी. माळा रिकामा करून झाडून ठेवा आणि दार उघडून दाखवा. साठवणीची जागा हा जुन्या फ्लॅटचा खरा फायदा असतो, नव्या इमारतींत तो मिळत नाही.

देव आई बरोबर नेतील. देव्हाऱ्याची जागा राहू द्या, आवडते लोकांना. मागच्या भिंतीवर समईची काजळी असेल तर ती साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकल्यावर ऑइल बेस प्रायमर लावूनच रंग द्या. पाण्याच्या प्रायमरमधून काजळीचा आणि तेलाचा पिवळा डाग वर येतो. स्वयंपाकघरात शेगडीमागेही तेच करायचं, पण आधी चिकटा काढायचा: अर्धी बादली गरम पाण्यात तीन-चार चमचे धुण्याचा सोडा, हातात मोजे, आणि एक्झॉस्ट फॅनची पाती काढून त्यात तासभर बुडवून. पाती अॅल्युमिनियमची असतील तर सोडा नको, भांड्यांचा साबण वापरा, नाहीतर ती काळी पडतात.

फरशी 1994 ची म्हणजे बहुधा मोझॅक. ती बदलू नका, मशीन पॉलिश करून घ्या. जुन्या फरशीवर नवी टाइल चढवली की मसाल्यासकट जमीन पाऊण इंचापर्यंत उचलली जाते, मग दारं खालून कापा, उंबरे बुडतात, गॅलरीच्या पाण्याचा उतार बिघडतो. पॉलिशला मोझॅक नव्यासारखी चमकते. फक्त ते काम रंगाच्या आधी, कारण मशीनचा राडा भिंतींवर फूट-दीड फूट उडतो. डाग काढायला फरशीवर किंवा कडाप्प्यावर संडास धुण्याचं अॅसिड ओतू नका. सिमेंट आणि चुन्याचा दगड दोन्ही अॅसिडने खाल्ले जातात, चमक जाते ती पॉलिशशिवाय परत येत नाही.

तर क्रम असा: पाणी, मग वीज, मग पॉलिश, सुतारकाम, शेवटी रंग आणि सगळ्यात शेवटी साफसफाई. विजेत जास्त अडकायचं कारण नाही. पिवळे पडलेले स्विच बदला, अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, आणि घरभर एकाच छटेचे दिवे लावा. एका खोलीत पांढरी ट्यूब आणि शेजारी पिवळा बल्ब असला की घर थकल्यासारखं दिसतं. घर बंद असलं तरी महावितरणचं बिल थकवू नका. ग्राहक अंधारात उभा राहून घर घेत नाही.

रंगासाठी, समजा 680 चौरस फूट कार्पेटच्या घरात छतासकट साधारण 2,200 फूट काम निघतं. प्लास्टिक इमल्शनचा लिटर दोन हातांत 60-65 फूट जातो, म्हणजे 35 लिटरच्या आसपास लागेल. रंगारी याच्या दुप्पट सांगत असेल तर विचारा, निम्मं सांगत असेल तरीही विचारा. छत पांढरं, भिंती सगळीकडे एकच फिकट रंग; एक भिंत गडद करायची हौस इथे नको. ग्रिलचा गंज तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड लावून, मग एनॅमल. गंजावर थेट एनॅमल मारलं तर पहिल्याच पावसाळ्यात फुगतं.

जिना तुमचा नसला तरी ग्राहकाला घर तिथूनच दिसायला लागतं, आणि लिफ्ट नसल्यामुळे त्याला दोन मजले तेच बघायचं आहे. दिवा चालू आहे ना, दाराबाहेरचं चपलांचं कपाट आणि सुकलेल्या कुंड्या हलवल्या ना, एवढं बघा.

फोटो ऊन तिरपं आत येतं त्या वेळी काढा, सगळे दिवे लावून, पंखे बंद करून. फोन छातीच्या उंचीवर, अगदी सरळ धरा. खोलीच्या कोपऱ्यातून काढा, पण 0.5 चा वाइड मोड वापरू नका. खोली बोगद्यासारखी दिसते आणि प्रत्यक्ष आलेला माणूस फसवल्याच्या भावनेने आत पाऊल टाकतो. दहा-बारा फोटो पुरेत: हॉल, गॅलरीतून दिसणारं दृश्य, बेडरूम, ओटा, दोन्ही बाथरूम, इमारतीचं प्रवेशद्वार, पार्किंग. कमोडचं झाकण लावून. घरातले फोटो, नावाची पाटी, फ्लॅट नंबर, किल्ल्यांची खुंटी दिसू देऊ नका. ‘घर बंद आहे, कधीही बघा’ असं तर जाहिरातीत मुळीच नको.

जाहिरातीत कार्पेट क्षेत्र स्वतः मोजून लिहा. त्या काळच्या करारात बहुधा बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून काढलेलं क्षेत्र लिहिलेलं असतं. करारात 820 फूट बिल्टअप असेल तर आतून मोजल्यावर साधारण 680 च्या आसपास भरतं. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि गॅलरी धरत नाहीत. गॅलरीचं माप वेगळं द्या. गॅलरी हॉलमध्ये घेतली असेल तर तसं सांगा, कारण कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशाशी ताडून बघतो आणि वाढवलेलं क्षेत्र धरत नाही. ‘दुसरा मजला, लिफ्ट नाही’ हेही ठळक लिहा. गुडघेदुखीची आजी घेऊन येणारं कुटुंब आधीच गळेल, आणि ते बरंच.

घर दाखवताना दोन-तीन कुटुंबांना एकाच शनिवारी-रविवारी अर्ध्या अर्ध्या तासाने बोलवा. तासभर आधी जाऊन खिडक्या उघडा. पाणी किती वाजता येतं, टाकी किती, पार्किंग नेमून दिलेलं की ‘जागा मिळेल तसं’, महिन्याचा मेंटेनन्स किती, यांची उत्तरं आकड्यांत तयार ठेवा. दाराची दिशा हमखास विचारतील. फोनचा कंपास लोखंडी सेफ्टी डोअरपाशी चुकीचा दाखवतो, चार-पाच फूट आत येऊन बघा. वास्तुशास्त्रावर वाद घालू नका. आईंना त्या वेळी घरी ठेवू नका. ‘इथे 2005 च्या पावसात केवढं पाणी आलं होतं’ हे त्या प्रेमाने सांगतील, पण ऐकणारा त्याच्या डायरीत ते वेगळंच लिहील. आणि प्रत्येक भेटीनंतर एजंटला ‘आवडलं का’ न विचारता ‘कुठे जास्त वेळ थांबले, काय विचारलं’ ते विचारा.

रीडेव्हलपमेंटचा प्रश्न येईलच. सर्वसाधारण सभेत ठराव झाला असेल तर त्याची प्रत दाखवा, नसेल तर ‘चर्चा आहे’ असं मोघम आमिष दाखवू नका. बरोबर हेही माहीत करून घ्या: सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर झाली का), आणि स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं कधी झालं. उपविधींप्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी व्हायला हवं, आणि तुमची इमारत आता त्या गटात आहे.

तिसरी अडचण कागदांची, आणि ही घरापेक्षाही आधी सुरू करा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर आई, तुम्ही आणि भाऊ तिघंही सारखे वारस. आजी, म्हणजे बाबांची आई, हयात असेल तर तीही. त्यामुळे ‘फ्लॅट कुणाच्या नावावर?’ याला ‘आईच्या’ असं सांगितलं की ग्राहकाचा वकील पहिल्याच वाचनात फाइल परत करतो. मार्ग दोन. तुम्ही दोघं आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, मग शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं नाव लावून एकट्या आई विकतील. किंवा तिघंही करारावर विकणारे म्हणून सही करा. भाऊ येऊ शकत नसेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवावं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. तारखेची नोंद राहावी म्हणून कुरिअरचं पाकीट जपून ठेवा. भाऊ अनिवासी विक्रेता म्हणून सही करणार असेल तर त्याच्या हिश्शावर ग्राहकाला नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा पुष्कळ जास्त टीडीएस कापावा लागतो. त्याने आधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्यावं, नाहीतर ऐन नोंदणीच्या दिवशी वाद होतो. हक्क सोडायचा की हिस्सा घ्यायचा, हे तुम्हा भावंडांचं बोलणं. ते एजंटसमोर नको.

फाइलमध्ये हवं ते: मूळ करार, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, मुद्रांक भरल्याचा पुरावा, शेअर सर्टिफिकेट, पूर्णत्वाचा दाखला, मंजूर नकाशा, चालू मिळकतकर आणि वीजबिल, सोसायटीचं येणं-बाकी-नाही पत्र, आणि बाबांनी कर्ज काढलं असेल तर बँकेचं फेडीचं पत्र. 1 एप्रिल 2001 च्या आधीची खरेदी असल्याने भांडवली नफा मोजताना त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल लागतो. सीएला आत्ताच भेटा. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणापोटी 25,000 रुपयांहून जास्त प्रीमियम घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर ती ऐच्छिकच आहे. टोकनची रक्कम 20,000 किंवा त्याहून अधिक रोखीने घेऊ नका, तेवढाच दंड बसू शकतो.

भाव ठरवताना पोर्टलवरचे आकडे म्हणजे लोकांच्या इच्छा. नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेवर तुमच्या गल्लीतल्या इमारतींचे इंडेक्स टू बघता येतात, त्यात प्रत्यक्ष व्यवहाराची रक्कम असते. गेल्या वर्षभरातले, लिफ्ट नसलेल्या इमारतींमधले चार-पाच व्यवहार काढा. भिंत सुकली, कागद पूर्ण झाले, फोटो बदलले आणि तरी दहा-बारा कुटुंबं बघून गेली, तर मग दोष भावाचा आहे, घराचा नाही. जुनी जाहिरात आजच उतरवा. ओलीच्या फोटोसह बरेच महिने फिरत राहिलेलं घर लोक ओळखायला लागतात. नवी जाहिरात एप्रिलमध्ये, शक्यतो अक्षय्य तृतीयेच्या आधी. शाळेतली मुलं असलेल्यांना जूनपूर्वी राहायला जायचं असतं. तेव्हा हुकलंत तर पावसाळा आणि पितृपक्ष जाऊ द्यावे लागतात, पितृपक्षात टोकन सहसा कुणी देत नाही.

एक राहिलं, कारण यावरून शेवटच्या दिवशी भांडणं होतात. घरात काय राहणार आणि काय जाणार याची यादी करा आणि करारनाम्याला जोडा: पंखे, गिझर, इन्व्हर्टर, पडद्यांचे रॉड, आईंना न्यायचं असेल ते सगळं. जुन्या घरात झोपाळा असेल तर त्याच्या कड्या स्लॅबमधून उपटू नका, छताचं प्लास्टर निघतं आणि गज उघडे पडतात. पाट आणि साखळ्या आई घेऊन जाऊ देत, कड्या तिथेच राहू देत.